परिचारिकेची दृष्टी आणि कुपोषित बालक

शीव या शब्दाचा अर्थ हद्द. जुने मुंबई बेट जेथे संपे आणि साष्टीचा मुलूख जेथे सुरू होई, तेथले हे गाव. परकीयांच्या लेखी त्याचे सायन झाले. या शीवेवर १९४७ साली सुरू झालेले रुग्णालय आज लोकमान्य टिळकांच्या नावाने ओळखले जाते. १९६४ साली त्यास वैद्यकीय महाविद्यालय जोडले गेले. रुग्णालयास परिचर्याशिक्षणाची शाळाही जोडलेली आहे. पलीकडे हाकेच्या अंतरावर धारावी. तेथे याच संस्थेचे नागरी आरोग्यकेंद्र असून लोक त्यास प्रेमाने ‘छोटे सायन हॉस्पिटल’ म्हणतात. परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींना कुपोषित बालक पुस्तकात पाहावयास मिळतेच. परंतु शीवेस ते खाटेवर, अंगणवाडीत आणि गल्लीच्या तोंडाशीही भेटते.

अशा विद्यार्थिनींच्या मनात कुपोषणाविषयी कोणती मते असतात, हा प्रश्न वरवर पाहता शाळेपुरता वाटेल. वस्तुतः तो तसा नाही. डॉक्टर मुलास तपासून पुढल्या खाटेकडे जातो. परिचारिका मात्र आठ-आठ तास त्याच्यापाशी असते. मुलाचे वजन ती करते, दूध ती मोजते, आणि आईला जे काही समजावयाचे ते बहुतांशी परिचारिकेच्याच तोंडून समजते. तिच्या मनातले मत तिच्या शब्दांत उतरते, आणि त्या शब्दांवर ती आई पुन्हा दवाखान्याची पायरी चढेल की नाही हे पुष्कळदा ठरते. म्हणून ही मते तपासून पाहणे अगत्याचे आहे. ती काही शाळेत तयार होत नाहीत. तुमच्या-आमच्या घरांत ज्या समजुती नांदतात, त्याच घेऊन मुलगी परिचर्येच्या शाळेत येते.

पहिली समजूत अशी की, कुपोषण हे दूर कोठे तरी रानावनात असते. मेळघाट, नंदुरबार, जव्हार, मोखाडा ही नावे वृत्तपत्रांतून वारंवार येतात. त्यामुळे मुंबईसारख्या नगरीत, जेथे चोवीस तास काही ना काही खावयास मिळते, तेथे मूल उपाशी कसे राहील, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे काय सांगतात? महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील दर शंभर मुलांपैकी सुमारे ३५ मुले वयाच्या मानाने खुजी आढळली आणि सुमारे २६ मुले उंचीच्या मानाने कृश आढळली. म्हणजे तिनांतील एक मूल खुजे आणि चारांतील एक कृश. इतकी मोठी संख्या केवळ डोंगराळ तालुक्यांतून भरून निघणे शक्य नाही. शहरे आणि त्यांतील दाट वस्त्या यांचाही तीत वाटा आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना देशात ३३ ठिकाणी सुरू झाली, तेव्हाच ग्रामीण व आदिवासी भागांच्या जोडीस शहरी झोपडवस्त्यांची निवड करण्यात आली होती, ती याच कारणाने. त्या योजनेतील ‘अंगणवाडी’ ही कल्पना मुळात आपल्याकडचीच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे, मूल शाळेत येत नसेल तर शाळेनेच मुलाच्या अंगणात जावे, या विचाराने ती रुजविली. ज्या विद्यार्थिनीला धारावीतील अंगणवाडीत मुलांची वजने करण्याचे काम पडते, तिची ही पहिली समजूत फार दिवस टिकत नाही.

दुसरी समजूत डोळ्यांची आहे. गुबगुबीत ते सुदृढ आणि हाडे दिसतात ते कुपोषित, असे आपले डोळे सांगतात. ज्याचे गाल बसले, नितंबांचे मांस झडले, कातडी सैल पडली, चेहरा म्हाताऱ्यासारखा झाला, ते मूल कोणीही ओळखील. आपल्याकडे या अवस्थेस सुकटी म्हणतात. परंतु दुसरीही एक अवस्था आहे. तीत मूल सुकत नाही, सुजते. गाल फुगलेले, पाय भरलेले. घरच्यांस वाटते की मुलाने बाळसे धरले. परिचारिकेने पायाच्या वरच्या बाजूस अंगठा काही क्षण दाबून धरला आणि उचलला, तर तेथे खळगा तसाच राहतो. ते बाळसे नव्हे, पाणी होय. ही सुजवटी. दोन्ही पावलांवर अशी सूज असली, तर वजनाचा काटा काहीही म्हणो, ते मूल अतितीव्र कुपोषितच समजावयाचे असते. या रोगाचे वर्णन डॉ. सिसिली विल्यम्स या स्त्रीवैद्याने आफ्रिकेच्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानामध्ये, १९३३ साली प्रसिद्ध केले, आणि १९३५ साली तेथील लोकांच्याच भाषेतील ‘क्वाशिओरकोर’ हे नाव जगापुढे ठेवले. धाकटे भावंड आले म्हणजे आईच्या अंगावरून दूर झालेल्या मुलाचा आजार, असा त्या नावाचा भाव आहे. आईला पुन्हा दिवस गेले की थोरल्याचे दूध तोडावयाचे, ही रीत आपल्याकडेही अपरिचित नाही. धारावीतील एखाद्या आजीला हे नाव उच्चारता येणार नाही, पण त्यातील अर्थ तिला सांगावा लागणार नाही.

तिसरा प्रकार तर डोळ्यांना दिसतच नाही. दोन वर्षांच्या मुलाची लांबी साधारणतः ८७ सेंटीमीटरांच्या आसपास असावी. ती ८० सुद्धा भरली नाही, तरी मूल हसते, खेळते, आणि शेजारची मुलेही तेवढीच असल्याने कोणास काही वावगे वाटत नाही. ‘आईबापच ठेंगणे, मूल कोठून उंच होणार?’ असे म्हणून विषय संपविला जातो. विद्यार्थिनींसही हे उत्तर पटण्याजोगे वाटते. याचा निकाल लावण्यास जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या वर्षांत ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिका या सहा देशांतील मुलांची मापे घेतली. ज्या मुलांना आईचे दूध, पुरेसा आहार व स्वच्छ परिस्थिती लाभली, ती पाचव्या वर्षापर्यंत सर्व देशांत जवळजवळ सारखीच वाढली. दिल्लीचे मूल आणि ऑस्लोचे मूल यांत लहानपणी निसर्गाने फारसे अंतर ठेवलेले नाही. अंतर पडते ते परिस्थितीने. २००६ साली प्रसिद्ध झालेले वाढीचे तक्ते या मापांवरच आधारलेले आहेत. म्हणून डोळ्यांवर न विसंबता काटा, लांबी मोजण्याची फळी आणि दंडघेराची पट्टी यांवर विसंबावे, हा परिचर्येतील पहिला धडा होय. सहा महिने ते पाच वर्षे या वयात दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरांहून कमी भरला, तर धोका मोठा, ११.५ ते १२.५ च्या दरम्यान भरला, तर मध्यम. एवढीशी रंगीत पट्टी, पण ती कोणाच्या भिडेस पडत नाही.

तिसरी समजूत अन्नाविषयीची. कुपोषण म्हणजे अन्नाचा अभाव, तेव्हा अन्न दिले की काम झाले, हे वरवर अगदी सरळ दिसते. परंतु लहान मुलाचे पोट केवढे असते, याचा विचार येथे सुटतो. सहा किलो वजनाच्या मुलाच्या पोटात एका वेळी जेमतेम वाटीभर, म्हणजे सुमारे १८० मिलिलिटर अन्न मावते. ती वाटी जर वरणाच्या पाण्याने किंवा पातळ पेजेने भरली, तर पोट भरले पण पोषण झाले नाही. आपल्या घरांत सहाव्या महिन्यानंतर उष्टावण मोठ्या हौसेने होते. मामा येतो, मांडीवर घेऊन खीर चाटवतो. पण उष्टावणाच्या दुसऱ्या दिवशी काय? त्या दिवसापासून रोज दोनतीन वेळा, आणि नवव्या महिन्यापासून तीनचार वेळा, मऊ परंतु घट्ट अन्न मुलाच्या मुखी लागले पाहिजे. सहा ते आठ महिन्यांच्या मुलास आईच्या दुधाखेरीज दिवसास सुमारे २०० उष्मांक वरच्या आहारातून लागतात, वर्षानंतर सुमारे ५५०. चहाच्या एका चमच्याएवढ्या तेलात सुमारे ४५ उष्मांक असतात. तेव्हा मऊ भातावर चमचाभर तेल वा तूप, खिचडीत घट्ट डाळ, नाचणीच्या खिरीत शेंगदाण्याचे बारीक कूट, अशी साधी भर घातली तर त्याच वाटीचे बळ वाढते. याच्या उलट, चहात बुडविलेला पाव आणि पाच रुपयांचे खाऊचे पाकीट मुलाची भूक मारते आणि आईच्या मनाला मात्र मूल जेवल्याचे समाधान देते.

अन्न पोटात गेले तरी ते अंगी लागेलच असेही नाही. जेथे नळ ठराविक वेळी येतो, पाणी पिंपात साठवावे लागते आणि शौचकूप सामायिक असतात, तेथे मुलास वारंवार जुलाब होतात. दात येताना जुलाब व्हायचेच, असे समजून घरची माणसे स्वस्थ बसतात. आजारात भूक जाते, खाल्लेले टिकत नाही, वजन उतरते; उतरलेल्या वजनाच्या मुलास पुढचा आजार लवकर गाठतो. आजाराने कुपोषण आणि कुपोषणाने आजार, असे हे रहाटगाडगे फिरत राहते. म्हणून जुलाबातही खाणे न थांबविणे, क्षारसंजीवनी पाजणे, हात धुणे आणि वेळेवर लस टोचून घेणे ही सर्व पोषणाचीच कामे आहेत. बाजारातील महागडी शक्तिवर्धक भुकटी हा कुपोषणावरचा इलाज नव्हे. तिच्यापायी घरातील दुधा-अंड्याचे पैसे मात्र जातात.

आता जे मूल अतितीव्र अवस्थेत रुग्णालयात येते, त्याच्या बाबतीत ‘भरपूर खाऊ घाला’ हा सल्ला केवळ अपुरा नव्हे, तर घातक ठरतो. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या शरीराने आपला सर्व व्यवहार मंदावलेला असतो. हृदय, यकृत, मूत्रपिंडे बेताबेतानेच काम करीत असतात. त्यांच्यावर एकाएकी अन्नाचा भार टाकला तर ती कोलमडतात. म्हणून आरंभी दर १०० मिलिलिटरांत ७५ उष्मांक असलेले सौम्य दूध मोजून द्यावयाचे असते. सहा किलोच्या मुलास दर दोन तासांनी ६५ मिलिलिटर. म्हणजे दिवसरात्र मिळून बारा वेळा. यांतील रात्रीच्या दोनची आणि चारची पाळी चुकली, तर रक्तातील साखर उतरते, अंग गार पडते, आणि सकाळी मूल हाती लागेलच असा भरवसा नसतो. लोहाचे औषधही पहिल्या आठवड्यात द्यावयाचे नसते, मग मूल कितीही पांढरे दिसो. प्रकृती स्थिरावून भूक परतली म्हणजेच अधिक सकस आहार. मग मात्र सहा किलोच्या मुलाने दिवसास ६० ग्रॅम किंवा अधिक वजन मिळविले तर प्रगती उत्तम समजतात. उपचाराच्या क्रमात मुलाशी खेळणे, बोलणे, त्यास जवळ घेणे यांसही औषधाइतकेच स्थान दिलेले आहे. कारण असे मूल रडतही नाही, मागतही नाही, आणि शांत मूल म्हणून वॉर्डात त्याचेच विस्मरण होण्याचा धोका असतो. शिकाऊ परिचारिकेस रात्रपाळीत झोपेशी झगडताना जे ज्ञान होते, ते हेच की येथे घड्याळ हेच औषध आहे.

चौथी समजूत सर्वांत खोल रुजलेली आणि सर्वांत अधिक अपाय करणारी आहे. ती म्हणजे, दोष आईचा. आई अडाणी, आई निष्काळजी, म्हणून मूल असे झाले. शिकलेल्या मुलीच्या मनात हा विचार सहज येतो. पुस्तकातील ‘मातेचे अज्ञान’ हे कारण तिला पाठ असते आणि समोरची आई त्यात चपखल बसते. मग तोंडून प्रश्न निघतो, ‘मुलाला खायला घालत नाही का?’

या प्रश्नाचे उत्तर कोणती आई देणार? ती मान खाली घालते. पुढच्या वेळी वजनाची तारीख चुकविते. मूल आजारी पडले तरी दोन दिवस वाट पाहते, कारण दवाखान्यात बोलणी खावी लागतील हे तिला ठाऊक असते. ते दोन दिवस मुलाच्या जिवावर बेतू शकतात.

अज्ञान असते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या आईचा दिवस एकदा नजरेखालून घालावा. पहाटे पाण्याची रांग, मग घरकाम किंवा घरबसल्या नगावर मिळणारे काम, मजुरी नगाप्रमाणे, म्हणजे हात थांबला की पैसा थांबला. मुलास भरविण्यास एका वेळी अर्धा तास लागतो. दिवसातून चार वेळा भरवावयाचे तर दोन तास झाले. ते ती कोठून आणणार? मग धाकट्यास थोरल्या मुलीच्या कडेवर दिले जाते, आणि ती पोर स्वतःच सातआठ वर्षांची असते. तिला जे सुचते, परवडते, ते ती भरविते. पाच रुपयांचे पाकीट येथूनच घरात येते. शिवाय आई स्वतः कोणत्या स्थितीत आहे? त्याच राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे ५४ स्त्रियांस रक्तक्षय आढळला, आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत हेच प्रमाण सुमारे ६९ होते. सर्वांचे झाल्यावर उरेल ते खाणारी, लवकर लग्न होऊन लवकर गरोदर राहिलेली स्त्री अडीच किलोंहून कमी वजनाच्या बाळास जन्म देते. त्या बाळाच्या कुपोषणास तो जन्मण्यापूर्वीच आरंभ झालेला असतो. गर्भावस्थेचे सुमारे २७० दिवस आणि पहिली दोन वर्षे मिळून जे सहस्र दिवस होतात, त्यांत शरीराची आणि मेंदूची जी घडण होते ती पुढे सहजी भरून काढता येत नाही. या हजार दिवसांचा सर्व जमाखर्च एकट्या आईच्या नावे मांडणे न्यायाचे नाही.

ज्या विद्यार्थिनीला वस्तीत घरोघर जाऊन हे दिसते, तिचा प्रश्न बदलतो. ‘काल सकाळपासून बाळाने काय काय खाल्ले, ते सांगा बरं ताई,’ असे ती विचारते. यात आरोप नाही, चौकशी आहे. आई सांगू लागते. सांगता सांगता तिचे तिलाच कळते की दुपारी चहापावाखेरीज काही गेले नाही. मग उपायही तिच्याच घरातील डब्यांतून निघतो. नवऱ्याशी आणि सासूशी बोलावे लागते, कारण तेलाचा चमचा कोणाच्या ताटात पडावयाचा हे ठरविण्याचा अधिकार पुष्कळदा त्या सुनेकडे नसतो. केवळ आईला उपदेश करून परतणारी परिचारिका निम्मेच काम करून परतते.

शीवेच्या रुग्णालयाचा इतिहासही हेच सांगतो. तेथील नवजात-बालकांच्या विभागात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली. आशिया खंडातील ती पहिली मानली जाते. कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या ज्या बाळांस स्वतःच्या आईचे दूध मिळू शकत नाही, त्यांस बाटलीच्या दुधाऐवजी दुसऱ्या मातांनी स्वेच्छेने दिलेले, तपासलेले व निर्जंतुक केलेले दूध मिळावे, ही त्यामागील योजना. ज्या वस्त्यांतील मातांस आपण अडाणी म्हणून मोकळे होतो, त्यांच्यासारख्याच गोरगरीब माता येथे परक्याच्या बाळास आपले दूध देतात. डॉ. फर्नांडिस यांनी १९९९ साली ‘स्नेहा’ ही संस्था स्थापून पुढे धारावीसारख्या वस्त्यांत काम उभे केले, त्यामागेही रुग्णालयाच्या भिंतींच्या आत हा प्रश्न सुटत नाही हाच अनुभव होता. धारावीच्या केंद्रात कुपोषित मुलांसाठी शेंगदाणे, दुधाची भुकटी, साखर, तेल आणि जीवनसत्त्वे-क्षार यांची उपचारात्मक लापशी तयार करून देण्याचे कार्यही चालत आले आहे. ज्यांची भूक शाबूत आहे आणि ज्यांस अन्य आजार नाही, अशी मुले तीवर घरच्या घरी सुधारू शकतात. आईस इतर मुले टाकून पंधरा दिवस रुग्णालयात राहावे लागत नाही.

यावरून परिचर्येच्या शिक्षणात काय असावे, हे उघड होते. व्याख्यानात मुलांची मते बदलत नाहीत, असे नाही. पण ती परीक्षेपुरती बदलतात. जी विद्यार्थिनी एकाच मुलाचे वजन सलग तीन महिने, दर पंधरवड्यास, त्याच्या घरी जाऊन घेते, ते वाढताना, आजारात उतरताना आणि पुन्हा चढताना पाहते, तिला तक्त्यावरील रेघेचा अर्थ समजतो. तिने स्वतःच्या हाताने वस्तीतल्या चुलीवर वाटीभर खिचडी शिजवावी, तीस किती वेळ आणि किती पैसा लागला याचा हिशोब लिहावा, आणि मुलास भरवून पाहावी. अर्धी वाटी पोटात जाण्यास किती मिनटे लागतात हे एकदा अनुभवले, म्हणजे आईस निष्काळजी म्हणण्यापूर्वी जीभ आपोआप अडखळेल.

कुपोषित मुलास अन्न लागते, औषध लागते, स्वच्छ पाणी लागते; ही सर्व देणे एका परिचारिकेच्या हातचे नाही. त्यांसाठी नगरपालिका आहे, शासन आहे, समाज आहे, आणि त्यांनी आपला भार तिच्या खांद्यावर टाकू नये. परंतु एक गोष्ट संपूर्णपणे तिच्या हाती आहे. मूल घेऊन आलेल्या आईला बसावयास सांगणे, तिचे ऐकून घेणे, आणि परतताना पुढल्या वजनाची तारीख तिच्या ध्यानात राहील अशा शब्दांत सांगणे. त्या तारखेस ती आई आली, तर मुलाच्या उपचारातील सर्वांत अवघड पायरी चढून झाली असे समजावे.